सदतीस फुटी बोट आणि अडीच एकर वावर

*सर, मी उदगीरचा. वय ५१. मर्चंट नेव्हीत एकवीस वर्षं काढली आणि २०१९ ला सेकंड इंजिनिअर असताना कायमचा उतरलो. आता घरची शेती आणि खत-बियाण्याचं दुकान बघतो. समुद्र मात्र डोक्यातून जात नाही. मागच्या महिन्यात एक जाहिरात पाहिली: ३७ फुटी शिडाची क्रूझिंग बोट, फायबरची, १९९८ ची, सध्या कोचीला उभी. मालक परदेशी जोडपं आहे, वय झालं म्हणून विकतायत. किंमत ३४ लाख, बोलून थोडी कमी होईल. सोबत चाळीस ओळींची सामानाची यादी आहे. सोलर पॅनल, समुद्राचं पाणी गोडं करणारा वॉटरमेकर, रडार, नकाशावर बोटीची जागा दाखवणारा चार्टप्लॉटर, ऑटोपायलट, लाइफ राफ्ट, सॅटेलाइट फोन, आठ शिडं, मोटर लावलेली रबरी डिंगी, फ्रीज. नुसता किराणा भरा आणि निघा, असं त्यांनी लिहिलंय. मी रस्त्यालगतचं अडीच एकर वावर काढायच्या विचारात आहे. बायको म्हणते, "वावर इकून कुणी नाव घेतं का?" मुलगा बारावीला आहे. किंमत रास्त आहे का? एवढ्या सामानासकट बोट पुन्हा मिळेल का? आणि कोची लांब पडत असेल तर बोट जायकवाडीत आणून ठेवता येईल का? लवकर कळवा, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतात. – एक वाचक, उदगीर*

दुसरं गिऱ्हाईक नेहमीच असतं. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात प्रत्येक बैलामागे उभं असलेलं ते गिऱ्हाईक तुम्ही लहानपणापासून बघितलंय. आता ते कोचीला पोचलंय, एवढंच. भारतात अशा जुन्या बोटी फार विकायला येत नाहीत हे खरं, पण त्या घेणारे त्याहून कमी आहेत. बोट महिनोन्‌महिने धक्क्याला पडून राहते आणि दर महिन्याचं भाडं मालकाच्या खिशातून जातं. तेव्हा घाई असलीच तर त्यांना आहे.

वहिनींचं वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याकडे नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि तेही फुकटात. चौतीस लाखांची नाव घ्यायची म्हटल्यावर त्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

तुमचं पत्र वाचताना मला एक गोष्ट खटकली. यादीतल्या दहा वस्तू तुम्ही नावानिशी लिहिल्यात. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा किती वर्षांच्या आहेत, बोट पाण्याबाहेर शेवटची कधी काढली, तळाला काय सापडलं, यातलं मात्र पत्रात काहीच नाही. ते जाहिरातीतही नसणार, म्हणूनच तुमच्या पत्रात आलं नाही. देवणी बैल घेताना तुम्ही झूल, गोंडे आणि रंगवलेली शिंगं बघता का? आधी तोंड उघडून दात बघता. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलाय, ते मोजता. मग शंभर पावलं चालवून बघता. बोटीची यादी ही झूल आहे. मालक लबाड आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी त्या प्रत्येक वस्तूला खरोखर पैसे मोजले असतील. पण त्यांचे पैसे त्यांनी वापरून संपवले. तुमच्या हाती येतं ते त्या वस्तूचं उरलेलं आयुष्य, आणि बऱ्याच वस्तूंचं आयुष्य तारखेवर मोजतात.

लाइफ राफ्ट घ्या, म्हणजे बोट बुडाली तर फुगवून बसायचा तराफा. ती डब्यात बंद असते, नवी की जुनी हे बाहेरून कळत नाही. ठरलेल्या मुदतीत ती अधिकृत केंद्रात उघडून तपासून घ्यावी लागते. तशी तपासलेली नसेल तर तुम्ही फक्त एक जड पांढरा डबा विकत घेताय. संकटात उडवायच्या फ्लेअरवर एक्स्पायरी छापलेली असते, साधारण तीन-चार वर्षांची. अपघाताचा इशारा उपग्रहाला पाठवणाऱ्या इपर्बची बॅटरी मुदतीची असते, शिवाय ते यंत्र जुन्या मालकाच्या नावावर आणि त्यांच्या देशात नोंदलेलं असतं. नोंद बदलली नाही तर तुम्ही बुडताना तिकडच्या कुणा आजीबाईंना फोन जाईल. वॉटरमेकरची मेम्ब्रेन वापराविना राहिली आणि रसायन भरून नीट झोपवली नसेल, तर ती कामातून जाते आणि वॉटरमेकरचा महागडा भाग तोच. बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या असतील तर इन्व्हर्टरच्या बॅटरीचं आपल्याकडे काय होतं ते तुम्ही जाणताच. दहा-बारा वर्षं जुन्या चार्टप्लॉटरपेक्षा तुमच्या पोराच्या मोबाईलचा स्क्रीन चांगला असेल.

सॅटेलाइट फोन तर यादीतून आधी खोडायला सांगा. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय असा फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. इरिडियम किंवा थुराया कंपनीचा असा फोन घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांना विमानतळावर आणि बंदरावर अटक झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. फुकट मिळालेल्या वस्तूपायी पोलीस ठाणं बघायची वेळ येऊ नये. जवळच्या बोटींशी आणि बंदराशी बोलायच्या व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो, पण तो रीतसर मिळतो.

आठ शिडांचं मला कौतुक वाटलं, आणि शंकाही आली. शिडं आठ असली तरी कामाची दोन-तीनच असतात. एक शीड पूर्ण उलगडून गच्चीवर किंवा धक्क्यावर पसरा आणि शिवणीचा दोरा नखाने उचलून बघा. तो उन्हाने कुजला असेल तर पापडासारखा तुटतो. कापड अजून बरं असेल तर नुसती शिवण पुन्हा घालून काम भागतं. कापड हाताला जुन्या धोतरासारखं मऊ लागलं तर मात्र त्या शिडाचे दिवस भरले.

मुंबईत सागवानात बांधलेली सुहैली नावाची ३२ फुटी बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा गडी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. जगात पहिला. त्या सफरीत त्याचा रेडिओ अर्ध्या वाटेआधीच बंद पडला, सुकाणू आपोआप धरणारी यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ मोडून पडली आणि टाकीतलं पाणी नासलं. सामान एकेक करून गेलं, बोट टिकली. आपल्या अभिलाष टॉमींनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. त्या शर्यतीचा नियमच असा की बोट ३२ ते ३६ फुटांची, १९८८ पूर्वीच्या आराखड्याची हवी आणि आधुनिक इलेक्ट्रॉनिक्स वापरायचं नाही. म्हणजे तुमची १९९८ ची बोट वयाने म्हातारी आहे म्हणून मी नाक मुरडत नाहीये. पाव शतकाहून जुनं फायबर नीट सांभाळलं असेल तर आणखी तेवढंच चालतं. तिची हाडं कशी आहेत, ते बघायचंय.

हाडं म्हणजे काय, ते माझ्यावर ओढवलेल्या एका प्रसंगावरून सांगतो. २००८ साली आम्ही तिघांनी भागीदारीत गोव्यात एक ३० फुटी बोट घेतली. मी डेकवरचा माणूस, तुमच्यासारखा खालचा नाही, त्यामुळे मला वाटलं की आपल्याला सगळं कळतं. यादी सव्वीस ओळींची होती. तळाला नवा रंग दिलेला. मध्यस्थानेच आणलेल्या सर्व्हेअरने एका दुपारी बघून तीन पानी अहवाल दिला, पानोपानी "समाधानकारक". तिसऱ्याच फेरीला मुरगावच्या बाहेर होतो, दुपारचा वायव्येचा वारा चढलेला, बोट मस्त कलून पळत होती. बंदूक उडावी तसा आवाज झाला. उजव्या बाजूची मुख्य तार सुटून डेकवर वळवळायला लागली आणि डोलकाठी डावीकडे धनुष्यासारखी वाकली. सुकाणूवरच्या मित्राने कुणाला न विचारता सुकाणू फिरवलं, वारा डाव्या बाजूला घेतला, सगळा भार दुसऱ्या अंगाच्या तारांवर गेला. डोलकाठी वाचली, म्हणून आम्ही वाचलो.

धक्क्याला येऊन बघितलं तर तार शाबूत होती. तुटली होती ती चेनप्लेट. चेनप्लेट म्हणजे स्टेनलेस स्टीलची जाड पट्टी. वर तिला तार अडकवतात, खाली ती डेकमधून आरपार जाऊन बोटीच्या अंगाला बोल्टने घट्ट बसवलेली असते. डेकच्या वर दिसणारा तिचा भाग आरशासारखा लखलखत होता. डेकच्या जाडीत दडलेला दोन बोटांचा तुकडा मात्र कातरलेल्या सुपारीसारखा झाला होता. स्टेनलेसला गंज येत नाही, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याच्यावर अगदी पातळ थर बसतो. डेकवरचं सीलंट सुकून फट पडली, फटीत खारं पाणी अडकून राहिलं, तिथे ऑक्सिजन पोचेना, की तो थर टिकत नाही आणि धातू आतून पोखरत जातो. बाहेर खूण एकच होती. केबिनमध्ये, पुस्तकांच्या फळीमागे, लाकडावरून चहाच्या ओघळासारखी एक तपकिरी रेघ खाली आली होती. विकत घेण्याआधी ती रेघ आम्ही तिघांनीही पाहिली होती. त्या पावसाळ्यात छत्री वाळत घातली असेल, असं आमच्यातला एक जण म्हणाला होता.

तेव्हा कोचीला बोटीत शिरलात की आधी फळ्यांमागे आणि कपाटांच्या पाठीमागे बघा. चेनप्लेट दिसत नसेल तर मालकाला फळी काढू द्या. ते नाही म्हणाले तर परतीची गाडी पकडा. तारा बोटीइतक्याच जुन्या असतील, किंवा शेवटच्या बदलून दहा-पंधरा वर्षं झाली असतील, तर त्या सगळ्या बदलायच्या असं समजूनच हिशोब धरा. बाहेर विमा कंपन्याही साधारण दहा वर्षांनंतर हेच विचारतात. हे काम होईल, पण ते स्वस्तात होणार नाही.

मग तळ. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय सौदा करू नका. क्रेनचा आणि सर्व्हेचा खर्च घेणाऱ्याने करायचा असतो, तो करा. सर्व्हेअर तुम्ही शोधा. मध्यस्थाने नंबर दिला तर आभार माना आणि दुसरा माणूस बोलवा. प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने ठोकत गेलं की चांगलं फायबर टणटण वाजतं, आतले थर सुटले असतील तिथे भद्द आवाज येतो. मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसंच. तळाला फोड आले असतील तर ते पाणी मुरल्याचे. थोडेसे फोड हा किमतीतून वजा करायचा मुद्दा, पोटभर फोड आले असतील तर बोट सोडून द्यायची. खाली जिथे जड कील, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाला लावलेला वजनदार पंख, बोल्टने जोडलेली असते तिथे सांध्यावर भेग दिसते का, आणि आत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळच्या पोकळीत, त्या बोल्टांभोवती गंजाचं पाणी आहे का, हे बघायला विसरू नका. बोट कधी खडकावर बसली असेल तर मालक सांगणार नाहीत, तो सांधा सांगतो. तळातून पाणी आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, म्हणजे सीकॉक, हाताने फिरवून बघा. पितळ गुलाबी पडलं असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि तो व्हॉल्व्ह एक दिवस हातात येईल.

इंजिनाबद्दल मी तुम्हाला काय शिकवणार! फक्त एवढं लक्षात ठेवा की तुम्ही ज्या इंजिनांबरोबर वाढलात ती चालून चालून झिजतात, आणि शिडाच्या बोटीचं ३० हॉर्सपॉवरचं डिझेल न चालून मरतं. तास कमी दिसले म्हणून खूश होऊ नका. हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्टचा बाक, रॉ-वॉटर पंपाचा इम्पेलर, हे खाऱ्या पाण्याच्या वाटेतले भाग आधी उघडून बघा. सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद तळातून आरपार खालच्या पंख्याला देणारा पाय, असेल तर त्याच्या रबरी डायफ्रामची तारीख विचारा. साधारण सात वर्षांनी तो बदलायचा असतो आणि तो फाटला तर समुद्र आत येतो. तुम्ही पोचायच्या आधी इंजिन सुरू करून ठेवलेलं असेल तर ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर चहा प्यायला जा, गार झाल्यावर तुम्ही स्वतः स्टार्ट करा.

आता कागद. इथे मला तुमची खरी काळजी वाटते. मालक परदेशी आहेत म्हणजे बोट बहुधा परदेशी झेंड्याखाली आहे. परदेशी प्रवाशाची बोट आपल्याकडे काही काळासाठी, आयात कर न भरता, पाहुणी म्हणून येते. ती भारतातल्या माणसाला विकली की पाहुणेपण संपतं आणि ती आयात ठरते. मग सीमाशुल्क, आणि त्याच्यावर जीएसटी. हौसेच्या नौकांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. सीमाशुल्क क्षणभर बाजूला ठेवून नुसते ४० टक्के धरले तरी ३४ लाखांवर १३ लाख ६० हजार होतात. म्हणजे ४७ लाख ६० हजार, आणि अजून तुम्ही एक दोरही बदललेला नाही. मालकांनी कर आधीच भरला असेल तर त्यांच्याकडे बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडचा आयातीचा कागद, असेल. ते बघायला मागा, कस्टम्सचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. "सगळं क्लिअर आहे" हे वाक्य कागद नाही. त्यासोबत मूळ खरेदीचा कागद, आधीच्या प्रत्येक मालकाची साखळी, झेंड्याच्या देशातली नोंदणी रद्द केल्याचा दाखला आणि बोटीवर कुणाचं कर्ज नाही याचा पुरावा घ्या. सातबाऱ्यावरचा बोजा जसा तुम्ही बघता, तसाच हा बघा. जमिनीचा बोजा जमिनीबरोबर येतो, बोटीचाही बोटीबरोबर येतो.

जायकवाडीचा प्रश्न वाचून मी हसलो, पण तुमच्यावर नाही. पैठणला धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की मलाही दर वेळी हाच मोह होतो. नाथसागर साधारण ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद; पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वारा तर विचारूच नका. पण हे पाणी पसरट आहे. तुमच्या ३७ फुटी बोटीची कील पाण्याखाली सहा फुटांच्या आसपास जाणार. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेर करतात, आणि उरलेल्या पाण्याखाली बुडालेल्या गावांच्या भिंती आणि विहिरी आहेत. मे महिन्यात बोट टरबुजाच्या वाडीत उभी दिसेल. दुष्काळी सालांत धरणाचा मृतसाठा उपसायची वेळ आलेली तुम्ही पाहिलीय. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते आपण दोघेही विसरणार नाही. त्यात नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणजे वनखात्याच्या परवानगीचा वेगळा रस्ता. आणि कोचीहून पैठणपर्यंत हजार किलोमीटरच्या वर, डोलकाठी उतरवून, बारा फूट रुंदीचं धूड लो-बेड ट्रेलरवरून आणायचं! त्या भाड्यात एक छोटी शिडाची होडी येईल.

बोट कोचीलाच ठेवायची असेल तर जागा बरी आहे. बोळगट्टी बेटावरचा मरीना, म्हणजे बोटी उभ्या करायचा धक्का, खाडीच्या आत आहे, बाहेरच्या लाटा तिथे पोचत नाहीत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मुंबईत बहुतेक बोटी नांगरावर किंवा मूरिंगवर, म्हणजे तळाशी कायम बांधलेल्या साखळीवर, असतात आणि पावसाआधी काठावर ओढून झाकून ठेवतात, आपले कोळीबांधव होड्या शाकारतात तशा. पण उदगीरहून कोची म्हणजे प्रवासातच दोन दिवस. नांगराची साखळी सुटली किंवा बिल्जचा पंप अडकला तर तुम्ही पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असेल. तिथे राहणारा, पगारी, विश्वासू माणूस लागणारच.

वर्षाच्या खर्चाचा जाणकारांचा ठोकताळा असा, की बोटीच्या किमतीचा दहावा भाग दरसाल बाजूला काढायचा: जागाभाडं, तळाचा रंग, विमा, दुरुस्ती. चौतीस लाखांवर ३ लाख ४० हजार. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. एकरी आठ क्विंटल धरले, आणि भाव हमीचा मिळाला असं गृहीत धरलं (हसू नका), तर आठ एकरांचं सगळं सोयाबीन, बी-खत-मजुरी न वजा करता, दरवर्षी त्या बोटीला घालावं लागेल. आणि तुम्ही तर शेत कमी करायला निघालात. बोट आणण्यासाठी वावर विकून चालेलही एखाद्या वेळी, पण बोट पोसण्यासाठी दरसाल कुठलं वावर विकणार? शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलाचाही त्यात हक्क आहे, आणि बारावीचा मुलगा म्हणजे पुढच्या वर्षीची फी. रस्त्यालगतचं वावर पुन्हा मिळत नाही. सदतीस फुटी बोटी पुन्हा मिळतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे, तीही सांगतो. तुमच्या दुकानाची धावपळ जून-जुलैत, पेरणीला. मग रब्बीच्या तोंडावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. समुद्र जून ते सप्टेंबर बंद असतो आणि पश्चिम किनाऱ्यावर शिडं हाकायचा उत्तम काळ डिसेंबर ते मार्च. खत-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्याला समुद्र जितका सोयीचा आहे तितका बँकेत नोकरी करणाऱ्याला नाही. त्यामुळे स्वप्न सोडा, असं मी म्हणणार नाही.

पण एकवीस वर्षांत तुम्ही वाऱ्यावर किती मैल गेलात? पत्रात एकही मैल दिसला नाही. इंजिनरूममध्ये वाऱ्याची दिशा कुणी विचारत नाही. तुमच्यापासून सर्वांत जवळचं शिडाचं पाणी हैदराबादला हुसेन सागरात आहे, दोन-सव्वादोनशे किलोमीटरवर. खरेदीला तुम्ही तिथे जातच असाल. तिथे डिंगीवर, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीवर, शिका. शर्यतही तिथे जुलैत भरते, समुद्र बंद असताना. दहा वेळा पाण्यात पडा. मग डिसेंबरात एखादा पाच दिवसांचा क्रूझिंगचा कोर्स करा, झोपायला बोटीवरच. त्यानंतर वहिनींना घेऊन एक आठवडा फुकेतला अशीच बोट भाड्याने घ्या. सगळं मिळून जो खर्च होईल तो त्या बोटीच्या तारा बदलण्याहून फार जास्त नसेल, आणि तुम्हाला दोघांनाही कळेल की तुम्हाला बोट हवीय की समुद्र हवाय. समुद्रच हवा असेल तर मुंबई-गोव्यात एखाद्याच्या बोटीत चौथा-पाचवा भागीदार व्हा. बिदर-मुंबई गाडी उदगीरहून रात्री निघते, सकाळी तुम्ही मुंबईत. कोचीपेक्षा हे संसाराला झेपणारं आहे.

हे सगळं वाचूनही तुम्ही कोचीला जाणारच, हे मला माहीत आहे. मीही गेलो असतो. तर जा, पण विसार न देता. यादीची किंमत शून्य धरा. तारा, बॅटऱ्या, राफ्टची तपासणी आणि कर यांचे आकडे काढून ते मागितलेल्या किमतीतून वजा करा. उरेल ती तुमची बोली, आणि तीही सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी पार पडली तरच पक्की, असं लिहून द्या. ते रागावले तर रागावू द्या.

सोबत टॉर्च, दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा, प्लॅस्टिकची हातोडी आणि वहिनी, एवढं घेऊन जा. तुम्ही डेकवर दोऱ्या ओढत असाल तेव्हा वहिनींना खाली केबिनमध्ये बसू द्या, झडपा लावून, अर्धा तास. डिझेलचा, कुबट ओलीचा किंवा संडासाच्या पाइपाचा वास तुम्हाला यायचा नाही, तुमचं नाक इंजिनरूममध्येच मेलंय. त्यांना येईल, आणि कुठल्या कोपऱ्यातून येतोय तेही त्या सांगतील. तिथली फळी आधी काढायला लावा.